पहिल्यांदाच आगमनकाळ पाळताय? मग थोडंच करा

लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेले, मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेले, किंवा लहानपणी सगळं केलं पण नोकरीला लागल्यावर सुटून गेलं असे लोक नोव्हेंबर संपत आला की हमखास विचारतात, ‘आगमनकाळ सुरू होतोय म्हणे, तर नेमकं करायचं काय?’ (आगमनकाळ म्हणजे नाताळआधीचे तीन-चार आठवडे, वाट पाहण्याचे.) त्यांना यादी हवी असते. यादी देते, पण ती मुद्दाम छोटी ठेवली आहे. पहिल्या वर्षी सात-आठ संकल्प घेऊन बसणारी माणसं दुसऱ्या आठवड्यात दमतात आणि तिसऱ्या आठवड्यात केकच्या ऑर्डरी घेत असतात. यंदा एक वेळ, एक वाचन आणि माणसांशी उरलेला एखादा हिशेब, एवढं धरलंत तरी पुष्कळ.

आधी तारखा

संत अंद्रियाचा सण 30 नोव्हेंबरला असतो. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे, 2027 मध्ये 28 ला. रविवार नेहमी चारच, पण दिवस कमी-जास्त होतात. नाताळ रविवारी आला तर पुरे 28 दिवस मिळतात. सोमवारी आला तर चौथा रविवार थेट 24 डिसेंबरलाच येतो आणि हातात 22 दिवस उरतात. अशा वर्षी सकाळी आगमनकाळाची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आणि रात्री नाताळची, अशी गंमत होते.

चर्चचं उपासना-वर्षही याच पहिल्या रविवारी सुरू होतं. त्यामुळे जानेवारीचे संकल्प करायची हौस असेल तर ते महिनाभर आधी इथे आणायला हरकत नाही.

या काळाचे दोन भाग पडतात, आणि नवख्यांना हे कोणी सांगत नाही. 16 डिसेंबरपर्यंतची वाचनं मुख्यतः ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याबद्दल असतात: जागे राहा, घरधनी केव्हा येईल ते तुम्हांला ठाऊक नाही. बाळ, गोठा, मेंढपाळ यांचा तिथे पत्ताच नसतो. पहिल्या रविवारी हौसेने चर्चला गेलेला माणूस सूर्य-चंद्र-ताऱ्यांच्या खुणा नि महापुराच्या गोष्टी ऐकून गोंधळून घरी येतो. चुकीच्या दिवशी गेलो की काय असं त्याला वाटतं. घाबरू नका, दिवस बरोबर आहे. 17 तारखेपासून रोख बदलतो आणि बेथलेहेमची वाट सुरू होते.

चर्चमध्ये या दिवसांत जांभळा रंग दिसेल, फुलं कमी असतील, रविवारच्या मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. आलेलुया मात्र राहतं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तेही नसतं. तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी पोशाखात आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तो ‘आनंद करा’ म्हणणारा रविवार, अर्धी वाट सरल्याचा.

एक जागा, एक वेळ

घरात अल्तार (प्रार्थनेची वेदी) असेल तर तिथेच बसा. नसेल तर जेवणाच्या टेबलाचा कोपरा चालतो. वेळ मात्र पक्की हवी: रोज दहा मिनिटं, एकाच वेळेला. सकाळी लोकल पकडायची असेल तर रात्री जेवणानंतर बसा. जेवणाआधी ठरवाल तर भुकेली मुलं पहिल्याच दिवशी बंड करतील.

बसण्यासाठी काहीतरी निमित्त लागतं, आणि ते काम आगमनकाळाचं मेणबत्ती-चक्र उत्तम करतं. 1839 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान हिन्रिक विखर्न नावाचे ल्युथरन धर्मसेवक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आलाय म्हणून मुलं सारखी विचारत. त्यांनी जुन्या गाडीचं लाकडी चाक टांगलं आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या नि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. घरोघरी पसरताना त्यातल्या फक्त चार मोठ्या उरल्या. म्हणजे मुळात ही मुलांची भुणभुण शांत करायची युक्ती आहे. तिचं फार अवडंबर माजवू नका.

ते बनवायला बाजारात जायचीही गरज नाही. स्टीलची जुनी थाळी घ्या, तिच्यात ओली माती किंवा वाळू भरा, चार जाड मेणबत्त्या खोचा. तीन जांभळ्या नि एक गुलाबी हवी असं सांगतात, पण साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांना त्या रंगांची रिबीन बांधली तरी काम होतं. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत चारही लाल असतात, काही ठिकाणी मधोमध पाचवी पांढरी लावून ती नाताळला पेटवतात. भोवती हिरवं म्हणून युरोपात फरची डहाळी लावतात. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या सुरूच्या गळालेल्या फांद्या दिसायला तशाच दिसतात, पण त्या चार दिवसांत वाळतात आणि मेणबत्तीशेजारी वाळलेला सुरू म्हणजे आगीला आमंत्रण. आंब्याची पानं बरी. दर रविवारी बदला.

पहिल्या रविवारी एक पेटवा, दुसऱ्या रविवारी दोन, आणि आठवडाभर रोज तेवढ्याच. पहिली मेणबत्ती चार आठवडे जळते, चौथी मोजके दिवस. त्यामुळे 24 तारखेपर्यंत चौघींची उंची पायऱ्यांसारखी उतरत जाते. पहिली बुटकी झाली म्हणून बदलू नका, किती दिवस बसलात ते तिच्यावरच दिसतं. पेटवायचं काम घरातल्या सर्वांत लहानाकडे, विझवायचं त्याच्या मोठ्या भावंडाकडे, म्हणजे भांडणं निम्म्यावर येतात.

पेटवल्यावर म्हणायचं काय? प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी असलेली ‘ये, प्रभू येशू’ ही प्रार्थना पुरेशी आहे. मग एक उतारा वाचा, दोन मिनिटं गप्प बसा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा आणि उठा.

वाचायचं काय

डिसेंबर लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक योजना फिरते: लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत, म्हणून 1 तारखेपासून रोज एक वाचा. आकडे छान जुळतात. पण या हिशेबाने 2 तारखेला येशू जन्मतो, 23 ला क्रुसावर जातो, 24 ला पुनरुत्थान होतं आणि त्याच रात्री आपण पुन्हा गोठ्याशी उभे. लूक कधीही वाचावा, पण वाट पाहायला शिकायचं असेल तर ही योजना मला उलटी वाटते.

त्याऐवजी जुन्या करारातलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक घ्या. त्यातले पाच अध्याय पहिल्या अडीच आठवड्यांना पुरतात: 2, 9, 11, 35 आणि 40. तलवारींचे फाळ होतील, अंधारात चालणाऱ्यांना मोठा प्रकाश दिसेल, इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, तुटक्या बुंध्याला धुमारा फुटेल, वाळवंट फुलेल, आणि मग ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा.’ एक अध्याय तीन-चार दिवस पुरवा. पहिल्या दिवशी सगळा वाचा. पुढच्या दिवशी तोच उघडून एखादी ओळ अडकते का पाहा, आणि अडकली की तिथेच थांबा. यशयाची माणसं हरलेली, पांगलेली होती हे ध्यानात ठेवलं की ही वचनं शुभेच्छापत्रावरची वाटत नाहीत.

17 तारखेपासून लूकचा पहिला अध्याय. त्यात 80 ओवी-एवढाली वचनं आहेत, आठ दिवसांत रमतगमत होतो. पहिल्यांदा वाचणारे बहुतेक मरियेसाठी वाचतात. माझं म्हणणं, सुरुवात जखऱ्यापासून करा. हा म्हातारा याजक. आयुष्यभर मूल मागितलं, मिळालं नाही. मंदिरात धूप जाळायची पाळी आली आणि तिथे देवदूताने सांगितलं, तुझी प्रार्थना ऐकली आहे. जखऱ्या म्हणतो, हे खरं कशावरून? मी म्हातारा, बायकोचंही वय झालंय. झालं, वाचा गेली. बाहेर लोक खोळंबलेले, आणि हा नुसता हातवारे करतोय.

तो मुका राहतो ते मूल जन्मून आठ दिवसांचं होईपर्यंत. घरात इतकी मोठी आनंदाची गोष्ट घडतेय आणि त्याला एक शब्द बोलता येत नाही, समजावून सांगता येत नाही, मिरवता येत नाही. नाव ठेवायच्या दिवशी नातेवाईक बापाचंच नाव ठेवू पाहतात. अलीशिबा म्हणते, नाही, योहान. तिचं कोणी ऐकेना. (आपल्या घरांतलं बारसं आठवेल.) तेव्हा तो पाटी मागवतो नि लिहितो, ‘याचे नाव योहान आहे.’ तोंड उघडतं आणि पहिला शब्द निघतो तो स्तुतीचा. ते स्तोत्र चर्चच्या सकाळच्या प्रार्थनेत आजही रोज म्हटलं जातं. मरियेने विचारलेला प्रश्नही वरवर तसाच आहे: हे कसे होईल? तिला उत्तर मिळतं, त्याला शांतता मिळते. दोन्ही उतारे शेजारी ठेवून दोन दिवस विचार करा. शांततेला शिक्षा म्हणावं की औषध, याचं माझं मत दरवर्षी बदलतं.

मराठीत मोठ्याने वाचायची आवड असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ हाताशी घ्या. हा इंग्रज जेज्वीट (येशूसंघ या कॅथलिक संघाचा सदस्य) 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्यांत हे पुराण रचलं. ते 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे देवनागरीतही आलं. त्याचा पहिला भाग जुन्या कराराचा, म्हणजे तारणाऱ्याच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांचा. भाषा चारशे वर्षांची आहे, अडखळायला होतं. रोज दहा-पंधरा ओव्या पुरे.

उपवास करायचा का?

लॅटिन रीतीच्या कॅथलिकांना आगमनकाळात उपवासाचं बंधन नाही. पूर्वी होतं: पाचव्या शतकात गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) तूर शहरी बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता. केरळातले सीरियन ख्रिस्ती आजही 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचं व्रत करतात, आणि अनेक ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये ते चाळीस दिवसांचं असतं. आपल्यापैकी ज्यांना करायचं असेल त्यांनी बुधवार किंवा शुक्रवार धरावा, एक वेळ साधं जेवावं, आणि वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. एकादशी दुप्पट खाशी हा प्रकार आपल्याला ठाऊक आहेच. मटण सोडून पनीर मागवणं त्यातलंच.

जेवणापेक्षा कठीण उपवास हवा असेल तर नाताळ लवकर साजरा करू नका. ऑफिसची पार्टी 12 डिसेंबरला, सोसायटीचं झाड 15 ला, आणि रील्स तर नोव्हेंबरपासूनच. पार्टीला जाऊ नका असं म्हणत नाही. घरात तरी 17 पर्यंत जिंगल बेल्स लावू नका. तेवढ्याने फरक पडतो का, ते स्वतःच पाहा.

योहानाला विचारलेला प्रश्न

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे, म्हणजे जखऱ्याच्या त्याच मुलाकडे, येऊन विचारतात, ‘तर मग आम्ही काय करावे?’ रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र घालणारा माणूस. वाटतं, आता हा सगळं सोडून रानात या म्हणणार. तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर नसणाऱ्याला एक द्या. जकातदारांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. कोणालाही नोकरी सोडायला सांगत नाही. जिथे आहात तिथेच सरळ वागा, एवढंच.

हे वहीत उतरवून काढा, आपल्या घराच्या भाषेत. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार नाताळच्या खर्चापायी पुढे ढकलायचा नाही, आणि सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. सुताराचे, शिंप्याचे उरलेले पैसे 20 तारखेच्या आत. कपाटातले कपडे देताना स्वतः घालाल असेच द्या, फाटके कपडे म्हणजे दान नव्हे, कचरा. भावाशी बोलणं बंद असेल तर फोन करा. हा शेवटचा भाग लिहिणं सोपं आहे, मला कल्पना आहे. फोन जमत नसेल तर नेवऱ्यांचा डबा पाठवा. आपल्याकडे डबा कोणी परत पाठवत नाही, आणि रिकामाही परत करत नाही.

कन्फेशन

फादरांपुढे पापं कबूल करून क्षमा मागणं म्हणजे कन्फेशन. कॅथलिकांसाठी ही पायरी टाळण्यासारखी नाही, आणि नवख्यांना सगळ्यांत धास्ती हिचीच असते. बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) नाताळच्या आधी एक संध्याकाळ सामूहिक प्रायश्चित्त विधीसाठी ठेवतात, तीन-चार फादर बाहेरून येतात. रांग मोठी, पण एक फायदा: अनोळखी फादरांपुढे बोलणं सोपं जातं. 23-24 ची वाट पाहू नका. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी जा, निवांतपणे बोलता येतं.

आदल्या रात्री दहा मिनिटं मन तपासा: देवाशी, घरच्यांशी, कामाच्या ठिकाणी, स्वतःशी. आठवेल ते कागदावर लिहिलं तरी चालतं, नंतर फाडून टाका. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा. मागचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगा, ‘आठ-दहा वर्षं झाली’ असं म्हणायला लाजू नका, फादरांनी याहून मोठे आकडे ऐकलेले असतात. मग पापं सरळ सांगा, गोष्ट रंगवू नका, सासूची पापं सांगू नका. फादर दोन शब्द बोलतील, प्रायश्चित्त देतील, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर तसं सांगा, ते म्हणवून घेतील. मग पापक्षमा. पाच मिनिटांचं काम. नवीनच ख्रिस्ती झाला असाल किंवा पहिलं कन्फेशन अजून झालं नसेल तर आधी फादरांना गाठून विचारा.

प्रोटेस्टंट वाचकांनी हाच तपास घरी प्रार्थनेत करावा, आणि ज्याचं मन दुखावलं त्याला गाठावं. तिथे मधे कोणी नसल्यामुळे ते काही बाबतींत जास्तच अवघड असतं.

शेवटचे आठ दिवस

17 ते 23 डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी सात जुनी आवाहनं म्हणतात. हे ज्ञाना, ये. हे इस्राएलच्या प्रभू, ये. मग इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि सातव्या दिवशी इम्मानुएल. थाळीशी बसल्यावर रोज एक म्हणा, यशयाचे अध्याय वाचून झाले असतील तर त्यांतली बहुतेक ओळखीची वाटतील.

गोठ्याचं कामही याच आठवड्यातलं. 1223 मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चोत खरा बैल, खरं गाढव आणून नाताळची रात्र उभी केली, तिथून ही प्रथा फोफावली. आपल्याकडे गोठ्यात हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू पेरतात. ते साधारण दहा-बारा दिवस आधी, म्हणजे 13-14 तारखेला पेरा: पसरट ताटलीत मातीचा पातळ थर, रात्रभर भिजवलेले दाणे दाट पसरून वर चिमूटभर माती, आणि पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाका. फार लवकर पेरलं तर नाताळपर्यंत पिवळं पडून आडवं होतं. गव्हाणी रिकामी ठेवा. मुलं असतील तर शेजारी गवताच्या काड्या ठेवा. कोणासाठी न सांगता काही चांगलं केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशू 24 च्या रात्रीच, मिस्साहून आल्यावर. मिस्सा बारालाच असेल असं गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी ती आधी असते, धर्मग्रामच्या सूचनाफलकावर वेळ पाहून घ्या.

मधे एखादा दिवस चुकलाच तर मागचं वाचून भरून काढत बसू नका, आजची मेणबत्ती लावा. रात्रपाळी असेल तर बसमध्ये यशया वाचा. घरात यंदा कोणी गेलं असेल तर आनंदाचा आव आणायची गरज नाही. तिसऱ्या रविवारचा गुलाबी रंग तुमच्यावर सक्तीचा नाही, आणि यशयाचा 40 वा अध्याय अशा घरांसाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याला ओढून बसवू नका, मेणबत्ती पेटवायला बोलवा, बस्स.

आणि 25 ला सगळं उरकायची घाई सोडा. नाताळचा काळ तिथे सुरू होतो आणि जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. कॅरल्स, गाठीभेटी, उरलेले कुलकुल, सगळ्याला जागा आहे. ज्यांच्याकडे नाताळच्या दिवशी जाणं होणार नाही, त्यांना 28-29 तारीख आत्ताच सांगून ठेवा.